चौथी खोली

पहिल्या मीटिंगला मी गेले ती जिन्यापर्यंतच. दुसरा मजला, उजवीकडची खोली, संध्याकाळी साडेसात, एवढं एका जुन्या बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं होतं. पहिला मजला चढून वळणार, तोच वरून हसण्याचा आवाज आला. पाच-सहा जण एकदम, पोटातून हसत होते. मला असा काही राग आला की मी तिथेच पायरीवर बसले. आमच्या घरात कुणी असं हसल्याला वर्षं लोटली होती. दारूने ज्यांच्या संसाराची राखरांगोळी केली, ती माणसं हसूच कशी शकतात? आपण चुकीच्या जागी आलोय, असं मनाशी म्हटलं. सव्वा तास त्या पायरीवर काढला आणि वर दार उघडल्याचा आवाज येताच उठून खाली पळाले. त्या रात्री मी प्यायले.

याला आता सात वर्षं झाली. त्यातली शेवटची सहा वर्षं आणि काही महिने मी प्यायलेली नाही. ज्या खोलीने मला धरून ठेवलं, ती मला सापडलेली चौथी खोली. आधीच्या तीन खोल्यांविषयी मी एरवी फारशी बोलत नाही, पण आज त्यांच्याबद्दलच लिहायचं आहे. कारण रात्री घरचे झोपल्यावर, फोनचा उजेड कमी करून, दारू सोडवणारा गट जवळपास कुठे आहे ते शोधणारी माणसं मला ठाऊक आहेत. पत्ता सापडतो, तो दोनदा वाचतात आणि मग शोधल्याची खूण पुसून टाकतात. मीही तेच करायचे. माझं आणि गटाचं नाव इथे येणार नाही. नाव न विचारण्याच्या परंपरेनेच मला आत पाऊल टाकू दिलं होतं, तेवढं तिचं ऋण आहे.

एक गोष्ट मात्र गटाच्याही आधीची आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जायला माझं मन घेत नाही. बरीच वर्षं रोज पिणाऱ्या माणसाने मनाच्या जोरावर एका झटक्यात दारू बंद केली, तर ते जिवावर बेतू शकतं. मेंदू त्या गुंगीच्या विरुद्ध सतत रेटा लावून उभा असतो. गुंगी एकाएकी काढून घेतली की तो रेटा मोकाट सुटतो. शेवटच्या पेल्यानंतर सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना नसलेलं दिसायला लागतं, कुठे आहोत याचं भान सुटतं, ताप चढतो, आणि उपचार झाले नाहीत तर यात माणसं दगावतात.

मला यातलं काही माहीत नव्हतं. जिन्यावर बसण्याच्या आधी एकदा मी घरच्या घरी बंद केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला तरी तोंडापर्यंत नेता येईना. पेल्याची कड दातांवर वाजत होती. टिक, टिक, टिक. तो आवाज मला अजूनही कधीकधी ऐकू येतो. दुपारी मी पुन्हा प्यायले, आणि सगळ्यांनी त्याला इच्छाशक्तीचा अभाव म्हटलं. मीही म्हटलं. मी ज्या डॉक्टरांकडे गेले होते, त्यांनीही तेच म्हटलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

दुसऱ्या एक डॉक्टर बाई भेटल्या, जिन्यावरच्या त्या संध्याकाळनंतर. त्यांनी खुर्ची पुढे ओढून विचारलं, "दिवसाला किती होते? आणि सकाळी उठल्या उठल्या लागते का?" इतकं साधं, मधुमेहाबद्दल विचारावं तसं मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. मग त्यांनी अकरा लक्षणं एकेक करून विचारली. ठरवल्यापेक्षा जास्त पिणं, कमी करायचे प्रयत्न फसणं, तीव्र ओढ लागणं, घरची-दारची कामं बुडणं, अशी ती यादी. मनोविकारांच्या निदानासाठी २०१३ पासून ती या रूपात वापरतात. वर्षभरात त्यातली दोन दिसली तरी मद्यसेवनाचा विकार आहे असं धरतात, सहा किंवा त्याहून अधिक असली तर तीव्र. माझी नऊ भरली. मला रडू यायला हवं होतं, पण आलं ते हायसं वाटणं. आजार आहे म्हणजे त्यावर काहीतरी उपचार असणार. त्यांनी मला दाखल करून घेतलं, त्रास कमी करणारी औषधं हळूहळू उतरवली, ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली आणि घरी जाताना दारूची ओढ मंदावणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या. निघताना त्या म्हणाल्या, "शरीरातली गेली. आता संध्याकाळी सहा वाजता काय करायचं, ते ठरवा."

संध्याकाळी सहा वाजता काय करायचं, हा प्रश्न मी पर्समध्ये घेऊन घरी आले. गोळ्यांच्या शेजारी तेच जुनं बिल होतं, पाठीवर पत्ता लिहिलेलं.

तो पत्ता मला मिळाला होता तो फोनवर. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, सुमारे १८० देशांत आहे. बहुतेक ठिकाणी त्यांचा मदतीचा फोन असतो आणि कुठल्या वारी कुठे मीटिंग भरते त्याची यादी असते. व्यसनमुक्ती केंद्रात किंवा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारलं तरी सांगतात. नंबर मिळवणं अवघड नव्हतंच. अवघड होतं ते पलीकडून "हॅलो" आल्यावर तोंड उघडणं. मी म्हणाले, "माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, त्यांच्यासाठी विचारत होते."

पलीकडचा आवाज एका वयस्कर गृहस्थांचा होता. "बरं," ते म्हणाले. "त्या बाईंना सांगा, येऊन नुसतं बसलं तरी चालतं. नाव सांगावं लागत नाही, बोलावं लागत नाही, पैसे लागत नाहीत. सोडायची इच्छा असली की पुरे. ती पुरती नसली तरी यावं." मग जरा थांबून म्हणाले, "आणि आज रात्री त्या बाईंना झोप लागली नाही, तर त्यांनी याच नंबरवर फोन करावा. मी जागा असतो."

त्यांना अर्थातच कळलं होतं. माझं खोटं त्यांनी हळुवार हातात घेतलं आणि जसंच्या तसं मला परत दिलं.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी मी तोच जिना पुन्हा चढले आणि या खेपेला आत गेले. ही पहिली खोली. वीसएक पुरुष आणि मी. घडी घालायच्या खुर्च्या गोलात मांडलेल्या. एकाने सुरुवातीचं काहीतरी वाचलं, मग एकेक जण बोलू लागला. नाव, मी मद्यपाशात सापडलेला आहे एवढी कबुली, आणि मग स्वतःचंच सांगणं. कुणी कुणाला मध्ये तोडत नव्हतं, बोलून झाल्यावर सल्ला देत नव्हतं. हे मला फार विचित्र वाटलं. आयुष्यात मी दारूबद्दल तोंड उघडलं की समोरून उपदेश ठरलेला असायचा. इथे माणूस आपलं बोलून थांबायचा, बाकीचे "थँक यू" म्हणायचे आणि पुढचा बोलू लागायचा. शेवटी खोलीच्या भाड्यासाठी एक टोपली फिरली. ती माझ्यापर्यंत आली तेव्हा शेजारच्यांनी अलगद पुढे सरकवली. नवीन माणसाकडून घेत नाहीत, म्हणाले. बाहेरच्या कुणाची देणगीही एए घेत नाही, आपला खर्च आपणच भागवते, हे मला नंतर कळलं. आणि हसण्याचं कोडंही त्याच दिवशी सुटलं. एकाने बाटली लपवायची आपली जागा सांगितली, लगेच तिघांनी आपापल्या जागा सांगितल्या आणि खोली हसली. ज्या गोष्टीपायी आजवर मान खाली घातली, ती दुसऱ्याच्या तोंडून जशीच्या तशी ऐकल्यावर येणारं ते हसू होतं.

माणसं चांगली होती. माझ्याशी सगळे अदबीने वागले. पण मला बोलता येईना. बाटली मी मुलीच्या जुन्या बाहुल्यांच्या पेटीत ठेवायचे, कारण ती पेटी आता कुणी उघडत नसे. ही गोष्ट वीस पुरुषांपुढे माझ्या ओठांवर येईना. बाई प्यायली की लोक आधी तिचं आईपण तपासतात. त्या खोलीत तसं कुणीही केलं नसतं, हे आज मला माहीत आहे. तेव्हा नव्हतं. सहा आठवडे मी गेले, सहाही आठवडे गप्प बसले आणि मग जाणं बंद केलं.

दुसऱ्या खोलीबद्दल थोडक्यातच सांगते. तिथे एक जुने सदस्य बराच वेळ बोलायचे आणि त्यांचं ठाम मत होतं की जो गोळी घेतो तो खरा सोबर, म्हणजे दारूमुक्त, नव्हेच. मी घरी येऊन गोळ्यांची पट्टी कचऱ्यात टाकली. तासाभराने उचलून परत आणली, एवढी बुद्धी झाली हे माझं नशीब. औषधांचं डॉक्टरांनी बघावं, सदस्यांनी डॉक्टर होऊ नये, असं एएच्या स्वतःच्याच छापील पुस्तिकेत सांगितलेलं आहे. नाल्ट्रेक्सोनसारखं औषध १९९४ पासून दारूच्या व्यसनासाठी मान्यताप्राप्त आहे आणि ते घेत घेत गटात बसणारी कितीतरी माणसं मी पाहिली आहेत. कुठल्याही खोलीत कुणी तुम्हाला डॉक्टरांचं औषध सोडायला सांगितलं, तर त्या माणसाचं ऐकू नका. हे मी कळकळीने सांगते.

तिसरी खोली वेगळ्या वाटेची होती. दारूतून बाहेर पडण्यासाठी एए ज्या बारा पायऱ्या सांगते, त्यांत परमेश्वराचा उल्लेख येतो आणि मी श्रद्धाळू नाही, ते मला टोचायचं. म्हणून शोधत शोधत मी देवाधर्माशिवाय चालणाऱ्या गटांपर्यंत पोचले. असे गट बरेच आहेत. मनाच्या सवयी तपासून बदलायच्या, या विचारावर उभं राहिलेलं स्मार्ट रिकव्हरी १९९४ पासून चालू आहे. केवळ बायकांसाठीचं विमेन फॉर सोब्रायटी त्याच्याही दोनेक दशकं आधीचं. याच विचारांच्या एका छोट्या गटात मी काही महिने गेले. तिथे वही-पेन घेऊन बसायचं. ओढ लागली की तिच्या आधी काय घडलं ते लिहायचं. ओढ लाटेसारखी असते, चढते तशीच उतरते, बहुतेक वेळा अर्ध्या तासात, फक्त तेवढा वेळ तिच्याशी न भांडता काढायचा, हे मी तिथे शिकले आणि ते आजही रोजच्या वापरात आहे. पण तो गट पंधरा दिवसांतून एकदा भरायचा. माझे पंधरा दिवस तेव्हा फार लांब असत. आणि रात्री अकराला फोन करावा असं कुणी माझ्यापाशी नव्हतं.

त्याच काळात माझी स्लिप झाली, म्हणजे मी पुन्हा प्यायले. पाच महिने कोरडे काढल्यावर, काहीही कारण नसताना, एका मंगळवारी. लोक कारण विचारतात. कारण एवढंच की मी भुकेली होते, चिडलेली होते, एकटी होते आणि थकलेली होते. भूक, राग, एकटेपणा, थकवा, हे चारही एका वेळी अंगावर येऊ देऊ नयेत, असं गटात सगळ्यात आधी सांगतात. मी ऐकलं होतं. ऐकलेलं अंगी लागायला वेळ लागतो.

तीन दिवसांनी, लाज बाजूला ठेवून, मी पुन्हा त्या पहिल्याच नंबरवर फोन केला. "ओळखीच्या बाई" हे शब्द या वेळी काढले नाहीत. मी म्हणाले, "मी प्यायले." तेच गृहस्थ होते. आवाज मी ओळखला, त्यांनी माझा ओळखला की नाही ते माहीत नाही. ते म्हणाले, "बरं झालं फोन केलात. आज मला या फोनची गरज होती." मला वाटलं, समोरच्याला संकोच वाटू नये म्हणून असं म्हणायची पद्धत असेल. मग त्यांनी सांगितलं की बायकांचा एक गट शनिवारी सकाळी भरतो, आणि एका बाईंचा नंबर दिला.

"आज मला या फोनची गरज होती" या वाक्याचा अर्थ मला पुढे कित्येक महिन्यांनी एएच्या जन्माची हकीकत वाचताना लागला.

१९३५ च्या मे महिन्यात, अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी, मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातला माणूस येरझाऱ्या घालत होता. ज्या व्यवहारासाठी आला होता तो फसला होता, खिसा रिकामा होत आला होता आणि दारू सोडून जेमतेम पाच महिने झाले होते. लॉबीच्या एका बाजूला बार होता, आतून गप्पा आणि हसणं ऐकू येत होतं. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. गेले पाच महिने तो न्यूयॉर्कमध्ये एकामागून एक पिणाऱ्यांना गाठून समजावत होता आणि त्यातला एकही सुधारला नव्हता. मात्र त्या खटपटीत तो स्वतः प्यायला नव्हता. त्या लॉबीत त्याच्या लक्षात आलं की आजची संध्याकाळ निभावायची, तर आपल्याला दुसरा एक पिणारा माणूस हवा. त्याने यादीतला एक नंबर फिरवला. त्यातून ओळखीने ओळख निघत हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत तो पोचला. दुसऱ्या दिवशी, १२ मे रोजी, बाईंच्या घरी त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी पडली. हे सर्जन, आणि वर्षानुवर्षं पिणारे. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले होते. दोघे सहा तासांहून जास्त बोलत बसले. पुढे डॉक्टर एकदा घसरले. त्यांनी शेवटची दारू घेतली तो १० जून १९३५ हा दिवस एएचा जन्मदिवस मानतात.

ही हकीकत मी वाचली आणि पुस्तक मिटून बसून राहिले. शोधायला कोण निघालं होतं? बुडणारे डॉक्टर घरीच होते. शोधत होता तो पाच महिने कोरडा राहिलेला. पाच महिने! माझी स्लिप झाली तेव्हा माझेही तेवढेच झाले होते, फक्त माझ्याजवळ टेलिफोन असून मी तो उचलला नव्हता. आणि तेव्हा कुठे मला त्या गृहस्थांचं वाक्य कळलं. ते सौजन्य नव्हतं. आमच्या आजारात देणारा आणि घेणारा असे दोन वेगळे हात नसतात. नवीन माणूस दारात आला की जुन्याचं आजचं भागतं. मी जिन्यावर बसले होते तेव्हा वरची माणसं माझी वाट पाहत होती, उपकार करायला नव्हे, स्वतःच्या गरजेपोटी. हे मला कुणी त्या पायरीवर येऊन सांगितलं असतं, तर मी भीक मागायला निघाल्यासारखी अंग चोरून बसले नसते.

शनिवारची खोली लहान होती. सात-आठ बायका. चष्म्याची दोरी गळ्यात घातलेल्या एक बाई शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेत म्हणाल्या, "बस गं." बोलायची पाळी त्यांची होती. त्या शांतपणे सांगत होत्या की बाटली त्या शिवणयंत्राच्या खणात ठेवायच्या, रिळांच्या मागे, आणि मुलगी बटण शोधायला आली की छातीत धस्स व्हायचं. माझ्या डोळ्यांपुढे बाहुल्यांची पेटी आली. पाळी माझ्यापर्यंत आली तेव्हा मी पेटीचं सांगितलं. आवाज फाटला, पण सांगितलं. कुणी काही बोललं नाही. त्या बाईंनी पिशवीतून रुमाल काढून माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि पुढच्या बाई बोलू लागल्या.

त्याच बाई पुढे माझ्या स्पॉन्सर झाल्या, म्हणजे पायऱ्यांवरून माझ्या आधी चालून गेलेल्या आणि मागे वळून हात देणाऱ्या. परमेश्वराबद्दलची माझी अडचण मी त्यांना सांगितली. मूळ मजकुरात "आपल्याला जसा उमगेल तसा" असे शब्द आहेत, हे त्यांनी दाखवलं. मग म्हणाल्या, "माझ्यापेक्षा मोठं काहीतरी, एवढंच लागतं. मला सुरुवातीची दोन वर्षं या आठ खुर्च्या पुरल्या." मला अजून पुरताहेत.

पुराव्याशिवाय माझं समाधान होत नाही, म्हणून तेही शोधलं. वैद्यकीय संशोधनाचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेनने २०२० साली २७ अभ्यास एकत्र तपासले, त्यांत दहा हजारांहून अधिक माणसं होती. एएकडे वळवणारे पद्धतशीर उपचार घेतलेल्यांपैकी ४२ टक्के माणसं वर्षभराने पूर्ण कोरडी होती, इतर उपचार घेतलेल्यांपैकी ३५ टक्के. फरक आहे, पण जादू नाही. त्या ४२ च्या पलीकडच्या ५८ जणांचाच विचार माझ्या मनात जास्त येतो. त्यातले किती जण एकाच खोलीत जाऊन आले असतील आणि ती आपली नाही म्हणून सगळंच आपल्यासाठी नाही असं समजले असतील? डॉक्टर पटला नाही तर आपण दुसरा बघतो. गटाच्या बाबतीत मात्र पहिल्याच दारावर निकाल लावतो, आणि तो निकाल लावताना आतून दारूच बोलत असते. तिला निमित्तच हवं असतं. निदान पाच-सहा मीटिंगना जावं, वेगवेगळ्या खोल्यांत जावं, असं जुनी माणसं सांगतात ते याचसाठी. ओपन मीटिंगला तर कुणीही जाऊन बसू शकतं, पिणारं-न पिणारं. क्लोज मीटिंग तेवढी ज्यांना सोडायची आहे त्यांच्यासाठी राखलेली असते.

ओपन मीटिंगलाच माझी ताई पहिल्यांदा आली. माझ्यामुळे तिची झोप गेली होती, मी कुठे आहे ते बघायला ती रात्री दोनदोनदा फोन करायची. तिथे कुणीतरी तिला अल-अनॉनबद्दल सांगितलं. बिलच्या पत्नी लोइस यांनी १९५१ मध्ये घरच्या माणसांसाठी उभा केलेला हा वेगळा गट. काही महिन्यांनी एका रात्री मीच तिला विचारलं, "ताई, हल्ली तू फोन करत नाहीस?" ती म्हणाली, "अगं, तुझा आजार मी आणला नाही, तो माझ्या हातात नाही आणि तो मी बरा करू शकत नाही. हे म्हणायला शिकतेय. काल रात्री सलग सहा तास झोपले." एवढं बोलून ती रडायला लागली. मी सोडल्याच्या पहिल्या वर्षातला माझ्या लेखी सगळ्यात मोठा दिवस तो.

गेल्या महिन्यात आमची खोली गेली. इमारत पाडायची आहे, असं सांगितलं. शनिवारच्या बायकांना नवी जागा हवी म्हणून मी आणि माझ्याहून नवीन असलेली एक मुलगी दारोदार हिंडतोय. खोली मागताना कशासाठी हवी ते सांगावं लागतं. पहिल्या दोन ठिकाणी मी "बायकांचा एक गट आहे" एवढंच म्हटलं, आणि बाहेर पडल्यावर त्या मुलीने माझ्याकडे नुसतं पाहिलं. तिसऱ्या ठिकाणी टेबलामागे एक मध्यमवयाचे गृहस्थ बसले होते, पुढ्यात किल्ल्यांचा जुडगा. "काम काय आहे?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं की दारू सोडलेल्या बायकांची मीटिंग असते, मीही त्यातलीच, आठवड्यातून एकदा दीड तास, खुर्च्या आम्हीच मांडतो, आम्हीच आवरतो, भाडं वेळेवर देतो.

ते काही बोलले नाहीत. जुडग्यातली एकेक किल्ली बोटाने पुढे सरकवत राहिले. "किती जणी असता?"

"कधी चार, कधी चौदा."

"वरची मागची खोली आहे. पंखा जरा आवाज करतो." किल्ल्या थांबल्या. दाराकडे एकदा बघून त्यांनी आवाज खाली आणला. "आणि समजा, घरातलं कुणी... म्हणजे असंच, माझ्या ओळखीतल्या एकांच्या मिसेस आहेत... त्यांना यायचं असलं, तर आधी नाव नोंदवावं लागतं का?"

माझ्या शेजारच्या मुलीने खुर्ची थोडी पुढे ओढली. "नाही," ती म्हणाली. "त्यांना सांगा, येऊन नुसतं बसलं तरी चालतं."